मागचं काढून टाका

फ्लेक्सच्या दुकानात, पासपोर्ट फोटोच्या स्टुडिओत, लग्नाचा बायोडेटा टाइप करून देणाऱ्याच्या टेबलापाशी एक मागणी दिवसभर ऐकू येते: फोटोचं मागचं काढून टाका. काही वर्षांपूर्वीपर्यंत हे कसबाचं काम होतं. फोटोशॉपमधलं पेन टूल घ्यायचं, माणसाच्या कडेने एकेक बिंदू टाकत जायचं, खांदा आणि कान गोलाईने जमवायचे आणि केसांपाशी आलं की तडजोड करायची. २०१८च्या डिसेंबरात ऑस्ट्रियातून ‘रिमूव्ह डॉट बीजी’ हे संकेतस्थळ सुरू झालं आणि तेच काम काही सेकंदांत होऊ लागलं. २०२१मध्ये कॅन्व्हाने ती कंपनी विकत घेतली. २०२२मध्ये ॲपलने आयफोनमध्येच सोय दिली: फोटोतल्या माणसावर बोट दाबून धरा, तो सुटा होऊन हाती येतो.

या सोयीबद्दल कोणी फारसं बोलत नाही, कारण ती सगळ्यांना निरुपद्रवी वाटते. कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दलची आपली सगळी भीती यंत्र चित्रात काय घालतं याबद्दल आहे: खोटा चेहरा, खोटा आवाज, न घडलेली सभा. यंत्र काय काढून टाकतं याकडे आपण साफसफाई म्हणून पाहतो. मुख्य गोष्ट तशीच राहिली, मागचा पसारा तेवढा गेला, मग बिघडलं कुठे?

हा समज उथळ आहे असं माझं म्हणणं आहे. फोटोतला विषय फोटो काढणाऱ्याने ठरवलेला असतो. पार्श्वभूमी बहुतेक वेळा कोणीच ठरवलेली नसते, ती आपसूक येते. आणि कोणी न ठरवता आलेला हा भागच फोटोतला सर्वांत विश्वासार्ह भाग असतो. म्हणून पार्श्वभूमी काढणं म्हणजे काय जपण्याजोगं आणि काय नाही याचा निवाडा करणं होय. तो निवाडा पुष्कळदा योग्य असतो, काही वेळा आवश्यकही असतो. पण आपण निवाडा करतो आहोत हेच आता दिसेनासं झालं आहे, कारण तो यंत्र करतं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत करतं.

१. यंत्र आधी ठरवतं, मग कापतं

या साधनांचं काम दोन टप्प्यांत चालतं. पहिला टप्पा: या चित्रात मुख्य काय आहे? संगणकशास्त्रात लक्ष वेधून घेणारी वस्तू ओळखण्याचा एक स्वतंत्र अभ्यासविषयच आहे. आज मोफत मिळणारी अनेक साधनं ज्या प्रारूपावर चालतात ते ‘यू-स्क्वेअर-नेट’ २०२० साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडलं. ते शिकलं १०,५५३ चित्रांच्या एका संचावरून. त्यातल्या प्रत्येक चित्रासोबत माणसांनी करून दिलेला एक काळा-पांढरा नकाशा होता: पांढरं ते महत्त्वाचं, काळं ते बिनमहत्त्वाचं. यंत्राने त्यातून सवय उचलली. जे मोठं, मधोमध, स्पष्ट आणि भोवतालाहून वेगळ्या रंगाचं, ते मुख्य. जे लहान, कडेला, धूसर, ते मागचं. इथे सत्य-असत्याचा संबंध नाही. काही माणसांनी काही हजार चित्रांबद्दल दिलेल्या मतांची ती सरासरी आहे.

दुसरा टप्पा कडेचा. माणसाच्या शर्टाची कड सरळ असते, पण केसांच्या टोकापाशी एकाच पिक्सेलमध्ये थोडा केस आणि थोडी मागची भिंत मिसळलेली असते. त्या मिश्र रंगाचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे आपल्याला माहीत असतात. शोधायचे असतात सात: केसाच्या खऱ्या रंगाचे तीन, भिंतीच्या खऱ्या रंगाचे तीन आणि मिश्रणाचं प्रमाण. तीन समीकरणं, सात अज्ञातं. आल्व्ही रे स्मिथ आणि जेम्स ब्लिन यांनी १९९६च्या निबंधात दाखवून दिलं की मागचा रंग आधीच ठाऊक नसेल, तर या कोड्याला अगणित उत्तरं निघतात. चित्रपटवाले निळा किंवा हिरवा पडदा लावतात तो याचसाठी: मागचा रंग ठाऊक असला की कोडं बरंच सोपं होतं. घरातल्या भिंतीपुढे काढलेल्या फोटोत तो ठाऊक नसतो, तेव्हा यंत्र अनुभवावरून अंदाज बांधतं. पांढऱ्या पडद्यावर जी केसांची बट सुबक दिसते तिच्या कडेचा रंग कॅमेऱ्याने टिपलेला नसतो, तो हिशेबाने भरलेला असतो.

म्हणजे ‘आम्ही काही घातलं नाही, फक्त काढलं’ हे म्हणणं तांत्रिकदृष्ट्याही पुरतं खरं नाही. काढण्यातही थोडं घडवणं आहे.

२. कोण पुढचं, कोण मागचं

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत तान्ह्या मुलांचे फोटो काढणं अवघड होतं. काच कित्येक सेकंद उघडी ठेवावी लागे आणि मूल तेवढा वेळ स्थिर राहत नसे. उपाय असा निघाला: आईने खुर्चीत बसायचं, तिच्यावर डोक्यापासून पायापर्यंत कापड टाकायचं आणि तिने कापडाआडून मुलाला घट्ट धरायचं. फोटोत मूल एका भरजरी आसनावर बसलेलं दिसे. ते आसन म्हणजे आई. असे शेकडो फोटो आज संग्राहकांकडे आहेत आणि आपल्याला ते पाहून अस्वस्थ वाटतं, कारण कापडाला खांदे आहेत हे कळतं.

आजच्या पासपोर्टसाठी तान्ह्याचा फोटो काढताना आईबापाचा हात चौकटीत दिसता कामा नये, असा नियम असतो आणि तो योग्यच आहे. ओळखपत्राला एकच चेहरा लागतो. प्रश्न येतो तो हाच निकष ओळखपत्राबाहेर सर्वत्र लागू होतो तेव्हा. आपल्याकडच्या लग्नातला कोणताही फोटो घ्या. मधोमध नवरानवरी. मागे पंगतीत वाढणारी माणसं, कडेला ताट घेऊन उभी राहिलेली मावशी, खांबाआड अर्धवट दिसणारी काम करणारी बाई. यंत्राच्या हिशेबात ही सगळी पार्श्वभूमी. समाजात जे कडेला असतात ते फोटोतही कडेला, लहान आणि धूसर येतात. यंत्राच्या मनात कोणाबद्दल आकस नाही. सरासरीवर शिकलेलं यंत्र सरासरीच परत देतं, आणि आपली सरासरी अशी आहे.

याची दुसरी बाजू मला तितकीच महत्त्वाची वाटते आणि ती टाळून हा युक्तिवाद पुढे नेणं अप्रामाणिक ठरेल. आपल्या मागच्या दोन पिढ्यांतल्या असंख्य स्त्रियांचा एकटीचा असा फोटोच नाही. आजोबांचा स्टुडिओतला, कोट-टोपीतला फोटो असतो, आजीचा मात्र कोणाच्या तरी मुंजीतल्या घोळक्यात, पदर डोक्यावर ओढलेला. ती गेल्यावर भिंतीवर लावायला, दहाव्याच्या फ्लेक्सवर छापायला फोटो लागतो, तेव्हा याच घोळक्यातून तिला बाहेर काढावं लागतं. पूर्वी हे काम स्टुडिओतला कलाकार हाताने करी, आता यंत्र करतं, आणि कडेच्या बाईला मधोमध आणतं. हे या साधनाचं मोठं देणं आहे.

तरीही त्या फोटोचं पुढे काय होतं ते पाहा. आजी सुटी झाली, तिच्यामागे निळा ढगाळ आकाशासारखा पडदा आला, भोवती सोनेरी चौकट आली. ती त्या घोळक्यात कोणाशेजारी उभी होती, कडेवर कोणाचं मूल होतं, मागचं घर कौलारू होतं की पत्र्याचं, हे गेलं. तिच्याबद्दल कागदावर फार काही लिहिलेलं नव्हतंच. जे थोडंफार तिच्याबद्दल सांगू शकलं असतं ते तिच्या मागे होतं. नातवंडांपर्यंत पोचणारा फोटो हा सुटा केलेलाच असतो.

३. हेतूबाहेरची साक्ष

फोटोग्राफीच्या आरंभकाळातच एका माणसाच्या हे ध्यानात आलं होतं. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८४४ ते १८४६ या काळात ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हे पुस्तक हप्त्याहप्त्याने काढलं. त्यात ऑक्सफर्डच्या एका इमारतीच्या चित्रासोबत त्यांनी जे लिहिलं त्याचा आशय असा: फोटो घेणाऱ्याला तेव्हा न दिसलेल्या गोष्टी पुढे कधीतरी त्यात सापडतात, इमारतीवरचा लेख, तारीख, दूरच्या घड्याळातली वेळ. चित्रकार जे पाहतो तेवढंच काढतो. कॅमेरा न पाहिलेलंही टिपतो. फोटो चित्राहून वेगळा ठरतो तो मुख्यतः इथे.

या वेगळेपणाचा सर्वांत ठळक पुरावा पोलिसांच्या कामात आहे. २०१७पासून युरोपोल ही युरोपातली पोलीस संस्था बालकांच्या लैंगिक शोषणाच्या तपासासाठी एक मोहीम चालवते. हाती आलेल्या छायाचित्रांतून मूल आणि गुन्हेगार पूर्ण वगळले जातात आणि उरलेले तुकडे लोकांपुढे ठेवले जातात: एखादी शाम्पूची बाटली, पिशवीवरचं बोधचिन्ह, खिडकीचा पडदा, हॉटेलच्या खोलीतली फरशी. हे कुठे पाहिलं आहे का, एवढंच विचारलं जातं. विषय बाजूला ठेवून पार्श्वभूमी जपण्याचं हे काम आपल्या नेहमीच्या कृतीच्या थेट उलट आहे. गुन्हेगाराने चेहरा लपवण्याची काळजी घेतली. फरशीची घेतली नाही, कारण फरशी त्याच्या लेखी फोटोत नव्हतीच.

युद्धांच्या आणि अपघातांच्या खुल्या तपासातही हेच घडतं. २०१४ साली पूर्व युक्रेनवर मलेशियाचं प्रवासी विमान पाडलं गेलं, तेव्हा क्षेपणास्त्रवाहू गाडी कोणत्या रस्त्याने गेली हे स्वतंत्र शोधकांनी ठरवलं ते गाडीच्या मागे दिसणाऱ्या दुकानांवरून, खांबांवरून, झाडांवरून.

आणि खुद्द यंत्रांचं काय? २०१६च्या एका प्रयोगात संशोधकांनी मुद्दाम असे फोटो निवडून यंत्राला लांडगा आणि हस्की कुत्रा यांतला फरक शिकवला, की लांडग्यांच्या मागे बर्फ होता. यंत्र बर्फ पाहून लांडगा म्हणू लागलं. २०२०मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतल्या अभ्यासकांनी दाखवलं की वस्तू पूर्ण काढून टाकली आणि फक्त पार्श्वभूमी दिली, तरी यंत्र बऱ्याचदा वस्तू बरोबर ओळखतं. संशोधकांना ही खोड वाटते आणि त्यांच्या कामापुरती ती आहेही. माझ्या मुद्द्यासाठी तिच्यातून निघणारी गोष्ट वेगळी आहे: ज्याला आपण बिनमहत्त्वाचं म्हणून पुसतो त्यात वस्तूबद्दलची इतकी माहिती भरलेली असते, की वस्तू नसतानाही ती कोणती होती हे सांगता येतं.

४. कोनाडा आणि कॅटलॉग

पार्श्वभूमीचा संबंध मालकीशीही असतो, आणि हे सर्वांत स्पष्ट कळतं ते मूर्तिचोरीच्या प्रकरणांत.

तमिळनाडूतल्या वृद्धाचलमच्या देवळातली चोळकालीन अर्धनारीश्वराची दगडी मूर्ती सिडनीच्या न्यू साउथ वेल्स कलादालनाने २००४ साली न्यूयॉर्कचा विक्रेता सुभाष कपूर याच्याकडून विकत घेतली. त्याच विक्रेत्याकडून ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने श्रीपुरंदानच्या देवळातला कांस्य नटराज २००८ साली घेतला, पन्नास लाख डॉलरला. दोन्ही मूर्ती २०१४च्या सप्टेंबरात भारताला परत मिळाल्या. कपूरला २०११मध्ये जर्मनीत अटक झाली होती. २०२२मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं.

या परतीत पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेतल्या छायाचित्रसंग्रहाचा मोठा वाटा होता. १९५५मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या माणसांनी दक्षिणेतली देवळं फिरून, मूर्ती जिथे होत्या तिथेच, लाखाहून अधिक फोटो काढून ठेवले आहेत. अर्धनारीश्वराच्या फोटोत ती मूर्ती देवळाच्या भिंतीतल्या कोनाड्यात उभी दिसते.

इथे एक गोष्ट नीट वेगळी करून पाहायला हवी. मूर्ती तीच आहे हे ओळखता येतं मूर्तीच्या अंगावरच्या खुणांवरून, टवके आणि झीज यांवरून. ती माहिती सुट्या फोटोतही असते. पण ती मूर्ती कोणाची, हे सांगते फक्त भिंत. कोनाड्याच्या कडेचे स्तंभ आणि दगडांचे सांधे आजही त्याच देवळात जाऊन जुळवता येतात. कलाबाजारातल्या कॅटलॉगमध्ये हीच मूर्ती सपाट करड्या पडद्यापुढे, खालून वरून नेमका प्रकाश टाकून छापली जाते. तो फोटो अधिक सुंदर असतो. मूर्तीची कमान, बोटांची ठेवण त्यात जास्त कळते. आणि त्यात ती कोणाचीच नसते, म्हणून ती कोणाचीही होऊ शकते. चोरीतलं अवघड काम मूर्ती उचलून नेणं हे आहेच, पण ती विकण्याजोगी होण्यासाठी तिला तिच्या जागेपासून चित्रातही तोडावं लागतं.

आपल्याकडे गावोगावी वीरगळ आणि सतीशिळा देवळामागे, पारावर, शेताच्या बांधावर पडलेल्या आहेत. हौशी इतिहासप्रेमी मोठ्या आस्थेने त्यांचे फोटो काढतात, आणि हल्ली पोस्ट करताना दगड उठून दिसावा म्हणून मागचं काढून काळा पडदा लावतात. शिल्पपट वाचायला त्याने मदत होते हे मला मान्य आहे. मात्र उद्या तो दगड जागेवरून नाहीसा झाला, तर तो याच पाराला टेकून उभा होता हे दाखवणारा फोटो कोणाकडे असेल? काळ्या पडद्याचा फोटो जरूर काढावा, पण दुसरा म्हणून.

५. ‘पडदा तर पूर्वीही होता’

पहिला मोठा आक्षेप इतिहासाच्या बाजूने येतो. फोटोच्या मागचं झाकणं हे फोटोग्राफीइतकंच जुनं आहे. स्टुडिओत रंगवलेले पडदे होतेच: कमानी, जिने, तळी, राजवाडे. आपल्या रंगभूमीलाही पडद्यांचं वेड होतं. बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर हे कोल्हापूरचे नात्यातले भाऊ नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवत रंगवतच पुढे सिनेमाकडे वळले. मग आजच्या यंत्राने वेगळं काय केलं?

दोन गोष्टी वेगळ्या आहेत. स्टुडिओतला पडदा कॅमेऱ्यापुढे होता. तो फोटो काढून घेणाऱ्याला दिसत होता आणि पुष्कळदा त्यानेच निवडलेला होता. शेतकरी कुटुंबाने राजवाड्याचा पडदा निवडला यात त्या कुटुंबाची हौस आहे, ऐपतीपलीकडचं स्वप्न आहे. पडद्याची खालची कड, त्यापुढची सतरंजी, बाजूला चुकून दिसणारा स्टुडिओचा दरवाजा, हे सगळंही टिपलं गेलं. पडद्याने पार्श्वभूमी नाहीशी केली नाही, तो स्वतःच पार्श्वभूमी झाला. त्यावर अभ्यासकांनी पुस्तकं लिहिली ती म्हणूनच.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. माणसाला खरोखर कापून वेगळ्या जागी चिकटवण्याची आणि त्याचं मागचं पुसण्याची जुनी उदाहरणं पाहिली, तर ती कोणत्या कामासाठी होती? मुंबईतल्या विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ साली दोन खंडांत मुंबईतल्या जातीजमातींचं चित्रमय पुस्तक काढलं. त्यात लोकांचे फोटो एकीकडे काढून मुंबईतल्या इमारतींच्या आणि निसर्गाच्या वेगळ्या फोटोंवर जोडलेले आहेत. माणसं नमुना म्हणून उभी केली गेली आणि जागा शोभेची म्हणून. १८६९मध्ये जे. एच. लँप्रे याने लंडनमध्ये आणखी पुढची पायरी गाठली. रेशमी दोऱ्यांची दोन-दोन इंचांच्या चौकोनांची जाळी मागे ताणून त्यापुढे माणसाला उघडं उभं करायचं, म्हणजे जगातल्या कुठल्याही दोन शरीरांची मोजमापं ताडून पाहता येतील. एम. व्ही. पोर्टमन याने १८९०च्या दशकात अंदमानात तिथल्या आदिवासींचे असेच चौकटींपुढचे फोटो घेतले. ज्याला गाव नाही, घर नाही, शेजारी नाही, तो माणूस मोजायला सोपा जातो.

पांढरी पार्श्वभूमी तटस्थ असते हा समज मला इथे चुकीचा वाटतो. तिचाही एक अर्थ आहे, आणि तो आहे तुलनेचा. अ‍ॅमेझॉनवर वस्तूच्या मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, म्हणजे लाल-हिरवा-निळा तिन्ही २५५, असावी आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा असा नियम आहे. वस्तूला तो शोभतो, कारण वस्तू शेजारी ठेवून निवडण्यासाठीच मांडलेली असते. लोणच्याची बरणी विकणाऱ्या बचत गटातल्या बाईला हे साधन फुकट मिळालं याचा मला निखळ आनंद आहे. पूर्वी मोठ्या कंपन्यांनाच परवडणारी मांडणी आता तिच्या हाती आहे. पण वस्तूची ही मांडणी माणसाच्या फोटोची सर्वसाधारण रीत बनते, लग्नाच्या बायोडेटात, नोकरीच्या अर्जात, समाजमाध्यमांवरच्या ओळखचित्रात, तेव्हा माणसंही शेजारीशेजारी ठेवून निवडण्याच्या रांगेत आलेली असतात. ही रांग यंत्राने निर्माण केली नाही. त्याने तिच्यात उभं राहणं अगदी सोपं केलं.

६. घर न दाखवण्याचा हक्क

दुसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. पार्श्वभूमी बोलते हे खरं, पण ती नेमकं काय बोलते? ती ऐपत सांगते. चाळीतली एक खोली, मागे वाळत घातलेले कपडे, पोपडे गेलेली भिंत. आपल्या समाजात ती त्याहून जास्त सांगते. भिंतीवर कोणाचा फोटो आहे, बाबासाहेबांचा, एखाद्या पीराचा की कुलदैवताचा, यावरून समोरचा माणूस जात आणि धर्म ताडतो, आणि त्यावरून भाड्याची खोली मिळते किंवा ‘आत्ताच दुसऱ्याला दिली’ असं उत्तर मिळतं. २०२०च्या टाळेबंदीत शाळा आणि मुलाखती व्हिडिओ कॉलवर आल्या, तेव्हा कित्येक विद्यार्थ्यांनी कॅमेरा बंदच ठेवला. पार्श्वभूमी धूसर करणारी, बदलणारी सोय त्यांच्यासाठी संरक्षण होती.

इथे माझं उत्तर आक्षेप मान्य करूनच सुरू होतं. स्वतःच्या फोटोतली स्वतःची पार्श्वभूमी झाकणं हा माणसाचा हक्क आहे, आणि तो वापरणाऱ्याकडे कोणी कारण मागू नये. माझा युक्तिवाद पार्श्वभूमी दाखवण्याच्या सक्तीचा नाही. किंबहुना हा आक्षेप माझं मूळ म्हणणंच सिद्ध करतो: मागचं जर निव्वळ पसारा असतं, तर ते झाकण्याची कोणाला एवढी गरज पडली नसती. त्यात इतकी माहिती आहे म्हणूनच ते झाकावं लागतं.

मग फरक कशाने पडतो? काढतं कोण आणि कोणाचं, याने. विद्यार्थिनीने आपली खोली झाकली, तर निर्णय तिचा आहे आणि जे झाकलं तेही तिचंच आहे. वृत्तपत्राने घटनेच्या फोटोतून मागची माणसं काढली, तर निर्णय एकाचा आणि पुसलं गेलेलं दुसऱ्याचं. पत्रकारितेत या बाबतीत कडक रीत आहे आणि ती योग्य आहे. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत २०१० साली स्तेपान रुदिक या छायाचित्रकाराचं पारितोषिक काढून घेतलं गेलं, कारण त्याने पार्श्वभूमीतल्या एका माणसाच्या पावलाचा दिसणारा तुकडा पुसला होता. २०१४मध्ये असोसिएटेड प्रेसने नार्सिसो काँत्रेरास या पारितोषिकप्राप्त छायाचित्रकाराशी संबंध तोडले. त्याने सीरियातल्या एका फोटोच्या कोपऱ्यात पडलेला सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा पुसून तिथे जमीन दाखवली होती. अर्थाला धक्का लागला नव्हता, असं अनेकांना वाटलं. तरी संस्थेने दखल घेतली, कारण एकदा ‘हे पुसल्याने काय बिघडतं’ हा प्रश्न छायाचित्रकाराने एकट्याने सोडवायला सुरुवात केली, की वाचकाला कुठल्याच फोटोच्या कोपऱ्यावर विसंबता येत नाही.

७. ‘मूळ फोटो आहेच की’

तिसरा आक्षेप थोडक्यात निकालात निघतो. सुटं केलेलं चित्र ही वेगळी प्रत असते, मूळ फोनमध्ये राहतं, हे तांत्रिकदृष्ट्या खरं आहे. पण फोन बदलतो, मेमरी भरते, मूळ पुसलं जातं. फिरते ती प्रत, आणि जे फिरतं तेच टिकतं. त्यातही व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने पाठवलेला फोटो आकसतो आणि त्यात नोंदलेली वेळ-ठिकाणाची माहिती निघून जाते. दृश्यातला संदर्भ यंत्राने काढला, नोंदीतला संदर्भ पाठवण्याने गेला. तीस वर्षांनी ही फाइल हाती येणाऱ्याला एका चेहऱ्यापलीकडे काहीच कळणार नाही.

८. मग काय करावं

बंदी मागणं निरर्थक आहे आणि मला ती नकोही आहे. माझ्या मागण्या मर्यादित आहेत.

पहिली: ज्या साधनाने पार्श्वभूमी काढली त्याने ती काढल्याची नोंद फाइलमध्ये करावी. याची सोय आज आहे. अडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी यांसारख्या संस्थांनी २०२१ साली एकत्र येऊन छायाचित्राच्या फेरफारांची नोंद त्याच्यासोबतच ठेवण्याचं एक मानक तयार करायला घेतलं. ते फोनवरच्या फुकट ॲपपर्यंत यायला हवं.

दुसरी मागणी घराघरांतल्या जुन्या फोटोंबद्दल आहे, कारण हे काम सध्या वेगाने चालू आहे. अल्बम स्कॅन करून देणारे, कुटुंबाच्या ग्रुपवर जुने फोटो टाकणारे सगळे आधी कापतात आणि मग साठवतात. क्रम उलटा हवा. पूर्ण फोटो, पुठ्ठ्याच्या कडेसकट, आणि पाठीमागची बाजूही स्कॅन करावी. स्टुडिओचा शिक्का, गावाचं नाव, शाईने लिहिलेलं ‘चि. अमुकच्या बारशाला’ हे पाठीमागेच असतं. एवढं झाल्यावर कोणाला हवं त्याने हवा तो चेहरा सुटा करावा.

तिसरी मागणी साधनं बनवणाऱ्यांकडे. आजचं बटण एक आहे आणि त्यामागचं गृहीतही एक आहे: या चित्रात एकच मुख्य गोष्ट आहे आणि ती आम्हाला माहीत आहे. हे गृहीत तंत्राच्या मर्यादेतून आलेलं नाही. मेटा कंपनीने २०२३च्या एप्रिलमध्ये ‘सेगमेंट एनीथिंग’ हे प्रारूप खुलं केलं. ते १ कोटी १० लाख चित्रांवर आणि त्यांतल्या शंभर कोटींहून अधिक आकृतिरेषांवर शिकलेलं आहे, आणि ते चित्रातलं मुख्य काय हे ठरवायला जातच नाही. बाई, तिच्या कडेवरचं मूल, मागची खाट, दारातली सायकल, प्रत्येकाची रेघ ते वेगळी आखून देतं आणि निवड वापरणाऱ्यावर सोपवतं. म्हणजे ‘मागचं काढतो’ असं परस्पर सांगण्याऐवजी ‘यांतलं काय ठेवू?’ असं विचारणारं साधन आज बनवता येतं. फ्लेक्सच्या घाईत कोणी त्या प्रश्नाला उत्तर देणार नाही, हे मी धरूनच चालतो. पण मुंजीच्या घोळक्यातून आजीला बाहेर काढणाऱ्या नातवाला तिच्या कडेवरचं मूलही ठेवता आलं पाहिजे, आणि त्यासाठी ते मूल तिथे आहे हे यंत्राने त्याला आधी दाखवलं पाहिजे.